पिस्तूल परवान्यावर चढण्याआधी

मा. संपादक,
स. न.

शस्त्रपरवान्याचे अर्ज, कागदपत्रे, पोलिस चौकशी यांविषयी वृत्तपत्रांतून बरेच छापून येते. परवाना हातात पडल्यावर गनहाऊसच्या काउंटरवर काय तपासायचे, याविषयी मात्र जवळपास काहीच वाचायला मिळत नाही. मग ती उणीव अमेरिकी व्हिडिओ भरून काढतात. त्यांतला नेहमीचा सल्ला असा: दोनशे ते पाचशे गोळ्या झाडा, एकही अडकली नाही तर पिस्तूल अंगावर बाळगायला योग्य. तिथे तो ठीकच आहे. आपल्याकडे काडतुसांचा कोटा परवान्यावर लिहिलेला असतो, काडतुसे महाग असतात आणि अधिकृत रेंज प्रत्येक जिल्ह्यात हाताशी नसते. बहुतेक परवानाधारक पन्नासेक गोळ्यांच्या पलीकडे चाचणी करूच शकत नाहीत.

त्या पन्नास गोळ्यांतून किती कळते, हे गणिताने पाहता येते. एकही अडथळा न येता जितक्या गोळ्या सुटल्या, त्या संख्येने ३ ला भागायचे; जे येईल ती अडथळ्यांच्या प्रमाणाची कमाल मर्यादा, ९५ टक्के खात्रीने. ५० गोळ्या विनातक्रार सुटल्या तरी शंभरात सहा वेळा अडकणारे पिस्तूल आपल्या हातात असू शकते. २०० सुटल्या तर ही मर्यादा दीडवर येते. तेव्हा आपल्याकडच्या ग्राहकाने पिस्तुलाची पारख मुख्यतः एकही काडतूस न वापरता, मेजावर आणि खरेदीआधी करायला हवी. नंतर पस्तावून उपयोग नसतो. खासगी व्यक्तीला आपले शस्त्र विकायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात. त्यातली एक जागा रुसणाऱ्या पिस्तुलाने अडवली की ती लवकर मोकळी होत नाही.

बाजारात आहे काय, हे आधी थोडक्यात. ९ मि.मी. बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे. त्यामुळे अंगावर बाळगायच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात सामान्य परवानाधारकाला मिळते ते प्रामुख्याने ०.३२ बोअर, म्हणजेच ७.६५ मि.मी. ब्राउनिंग. नव्यात उदाहरणार्थ इशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘अशनी’. जुन्यात वॉल्थर पीपी आणि पीपीके, एफएन ब्राउनिंग १९१०, कोल्ट १९०३, वेब्ली स्कॉट, लामा अशी परदेशी पिस्तुले, जी ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून एका परवान्यावरून दुसऱ्यावर फिरत आहेत. तुटवड्यामुळे त्यांची किंमत लाखांत जाते. ही किंमत दुर्मिळतेची आहे. सत्तर वर्षे वापरलेल्या स्प्रिंगची प्रकृती त्या आकड्यातून कळत नाही, पण ‘इम्पोर्टेड’ हा शब्द ऐकला की भलेभले पुढची तपासणी सोडून देतात.

एक सूचना इथेच. ०.३२ पिस्तूल आणि ०.३२ रिव्हॉल्व्हर यांची काडतुसे वेगळी असतात. पिस्तुलाची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, सुमारे १७ मि.मी. लांब, रिव्हॉल्व्हरची (स्मिथ अँड वेसन लाँग) सुमारे २३ मि.मी. परवान्यावर आणि बिलावर नुसते ‘०.३२’ लिहिण्याची पद्धत गोंधळाला आमंत्रण देते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात दोन्ही बनतात, दोन्हींच्या बुडावर ‘केएफ’ असते. खोक्यावरचे नाव वाचूनच घ्यावीत.

आता मेजावरच्या तपासणीकडे. मॅगझीन, म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी, बाहेर काढा, स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतुसाची जागा, डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही चाचपा. काडतुसे दुसऱ्या खोलीत असू द्या. विक्रेता पिस्तूल खोलून दाखवायला तयार नसेल तर पुढचे दुकान गाठावे. इथे भीड चालत नाही.

पहिली परीक्षा एक्स्ट्रॅक्टरची. चेंबरमधली पुंगळी मागे खेचणारी ही आकडी. ०.३२ ची बहुतेक पिस्तुले साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात, म्हणजे नळी आणि स्लाईड यांना जोडणारे कुलूप नसते. गोळी सुटली की वायूचा दाब पुंगळीला आपोआप मागे ढकलतो. परिणामी आकडी झिजलेली असली, अगदी तुटलेली असली, तरी गोळीबार करताना पिस्तूल बरेचदा बिनबोभाट चालते आणि दोष कळतच नाही. तो उघडा पडतो पिस्तूल रिकामे करताना. मॅगझीन काढले, स्लाईड ओढली, बाहेर काही पडले नाही, म्हणून माणूस समजतो की चेंबर रिकामे आहे. जिवंत काडतूस मात्र आतच बसलेले असते, कारण त्याला ढकलायला वायू नसतो आणि ओढायला आकडी नसते. त्यानंतर ‘रिकाम्या’ पिस्तुलाचा चाप ओढला जातो. म्हणून डमी, म्हणजे दारू नसलेले नकली काडतूस चेंबरमध्ये भरून स्लाईड हळू ओढा, मग जोरात ओढा, दहा-बारा वेळा. दर वेळी ते बाहेर पडलेच पाहिजे. स्लाईड वेगळी काढून डमीचा बूड आकडीखाली सरकवा: स्लाईड हलकेच हलवली तर डमी तिथेच राहावे, बोटाने ढकलले तर सरकावे. आपोआप पडत असेल तर स्प्रिंग गेली आहे किंवा आकडीची धार गेली आहे. दोन्ही गोष्टी बदलता येतात, पण त्या मॉडेलचा सुटा भाग उपलब्ध आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

दुसरी जागा मॅगझीन. पिस्तूल अडकले की लोक पिस्तुलाला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा या पत्र्याच्या डबीत असतो. ०.३२ काडतुसाची रचनाच थोडी अवघड आहे. त्याच्या बुडाची कडा पुंगळीपेक्षा किंचित बाहेर आलेली असते, पूर्ण रिमही नाही आणि सपाटही नाही. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात. स्लाईड वरचे काडतूस पुढे ढकलू शकत नाही आणि मग झटका मारूनही मोकळे होत नाही. २५ मि.मी. लांबीची नेहमीची गोल टोकाची गोळी असेल तर हा प्रकार कमी होतो, कारण काडतुसांना मागेपुढे हलायला जागाच नसते. आखूड पोकळ टोकाच्या गोळ्यांत तो वाढतो. प्रत्येक काडतूस भरताना त्याची कडा खालच्या कडेच्या पुढे ठेवायची आणि भरून झाल्यावर मॅगझीनचा मागचा भाग तळहातावर हलकेच ठोकायचा.

मॅगझीनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन वळलेल्या कडा, उजेडात पाहा. मागच्या कोपऱ्यात केसासारखी चीर असते का? दोन्ही ओठ समांतर आहेत का? एक बाजू फाकलेली असेल तर काडतूस तिरके वर येते आणि चेंबरच्या काठावर आदळते. डमी भरून वरचे काडतूस अंगठ्याने दाबून सोडा. ते नाक खाली न घालता सरळ वर यायला हवे. मॅगझीन पूर्ण भरून, स्लाईड बंद असताना आत बसवा. पूर्ण भरलेले मॅगझीन बंद स्लाईडखाली पक्के बसत नसेल, किंवा बसवल्यावर खालून हलक्या चापटीने सुटत असेल, तर त्याला धरून ठेवणारी खिट्टी झिजली आहे. परदेशी पिस्तुलांसोबत आजकाल जे जादा मॅगझीन मिळते ते बरेचदा स्थानिक कारागिराने कानशीने घासून बसवलेले असते. ते चालतही असेल, पण त्याची वेगळी परीक्षा घ्यावी आणि प्रत्येक मॅगझीनच्या तळाशी रंगाने क्रमांक टाकावा. अडथळा आला की कोणत्या क्रमांकाच्या मॅगझीनमध्ये आला हे लिहून ठेवले, तर निम्मे निदान तिथेच होते.

यानंतर चाप आणि घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटणारी मागची हातोडी. चाप दाबून धरा, स्लाईड पूर्ण ओढून सोडा: घोडा चढलेलाच राहावा आणि चाप सोडून पुन्हा दाबल्यावरच पडावा. स्लाईड चार-पाच मि.मी. मागे ओढून धरा आणि चाप दाबा: घोडा पडता कामा नये. घोडा चढवून त्याला मागून अंगठ्याने बऱ्यापैकी जोर लावा: घसरला तर सिअर, म्हणजे घोडा अडवणारा दात, गेला आहे आणि ते पिस्तूल कुठल्याही किमतीला नको. चापाचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, साध्या ताणकाट्याने मोजता येते. घोडा चढलेला असताना अडीच ते तीन किलो ठीक. दीड किलोच्या खाली आलेला ‘मऊ’ चाप बहुधा कुणीतरी घासून केलेला असतो. नेमबाजीच्या स्पर्धेत त्याचे कौतुक होईल, कमरेला मात्र तो नको.

फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या स्फोटक टोपीवर ठोका देणारी सुई, तपासायला पेन्सिल पुरते. मागे रबर नसलेली साधी पेन्सिल, बोथट टोक खाली करून, वर तोंड केलेल्या रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत सोडा आणि चाप दाबा. पेन्सिल नळीबाहेर उडाली तर ठोका पुरेसा आहे. जागची जेमतेम हलली तर पिनच्या भोकात घट्ट झालेले तेल किंवा दमलेली स्प्रिंग शोधा. निवडणुकीच्या काळात पोलिस ठाण्यात जमा केलेली, तेल चोपडून महिनोन् महिने पडून राहिलेली पिस्तुले परत आल्यावर ही परीक्षा हमखास करावी. वॉल्थर पीपीसारख्या पिस्तुलात सेफ्टीचा दांडा खाली दाबला की चढलेला घोडा पडतो. त्या वेळी नळीतली पेन्सिल अजिबात उडता कामा नये. उडाली, तर सेफ्टीच गोळी झाडणार आहे.

आता पडण्याचा प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधली गोळी त्यांच्याच पायात घुसली. शस्त्र कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. खाली पडलेले शस्त्र आपोआप सुटू शकते, हे त्यानिमित्ताने घरोघरी पोहोचले, पण त्यामागची यंत्ररचना कुणी सांगितली नाही. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत चाप पूर्ण दाबेपर्यंत फायरिंग पिनला आडवा येणारा एक छोटा खिळा असतो. जुन्या ब्राउनिंग १९१० किंवा कोल्ट १९०३ मध्ये तो नाही. ब्राउनिंगमध्ये तर चेंबर भरलेले असताना स्ट्रायकर, म्हणजे घोड्याशिवाय थेट स्प्रिंगने सुटणारी पिन, पूर्ण ताणलेल्या स्प्रिंगवर उभा असतो आणि त्याला अडवतो तो फक्त शंभरेक वर्षांचा सिअर. अशी पिस्तुले चेंबर रिकामे ठेवूनच बाळगावीत, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हा खिळा असलेल्या पिस्तुलात स्लाईड काढून पिन मागून दाबून पाहा: खिळा न दाबता तिचे टोक पुढे यायला नको, खिळा दाबल्यावर यायला हवे.

नाव मोठे म्हणून ही तपासणी टाळू नये. रुगरने ऑक्टोबर २००८ मध्ये आपले खिशात मावणारे एलसीपी पिस्तूल परत मागवले, कारण पडल्यावर ते सुटू शकत होते. सिग सॉअरच्या पी३२० ची आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला त्याचे चाप-सिअर बदलून देण्याची योजना जाहीर करावी लागली. विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर आपटल्यास चापाच्या स्वतःच्या वजनानेच तो दाबला जात होता. अमेरिकी शस्त्र-उत्पादकांच्या संस्थेची नेहमीची चाचणी ४ फुटांवरून कठीण रबरी चटईवर टाकण्याची आहे. पी३२० त्या इयत्तेत पास झालेले होते. काउंटरवर कुणी पिस्तूल आपटून पाहू देणार नाही, आणि पाहूही नये. म्हणूनच रचना पाहायची.

नळी उजेडाकडे धरून आत पाहा. आतल्या भिंतीवर अंगठीसारखी गडद रेघ दिसली तर नळी तिथे फुगली आहे: एक गोळी आत अडकली असताना मागून दुसरी झाडल्याची ती खूण. बारीक खड्डे म्हणजे जुन्या क्षारयुक्त टोप्यांच्या काडतुसांनंतर न केलेली सफाई. थोडे असतील तर जवळच्या अंतराला फरक पडत नाही, चेंबरमध्ये असतील तर पुंगळी चिकटते. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे गेलेल्या स्लाईडला परत पुढे आणणारी स्प्रिंग, बाहेर काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवा. ब्लोबॅकमध्ये स्लाईडला थोपवते ते तिचे स्वतःचे वजन आणि ही स्प्रिंग. स्प्रिंग आखूड झाली की स्लाईड फ्रेमवर आदळत राहते आणि फ्रेमला चीर जाते. बेरेटाच्या टॉमकॅट या ०.३२ पिस्तुलाच्या फ्रेमला चिरा जाण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या, की जोरदार काडतुसे वापरू नका असा इशारा कंपनीने दिला.

आणि चकाकी. क्रोम केलेले जुने पिस्तूल पाहून खूश होऊ नये. मुलाम्याखाली गंज, खड्डे आणि चिरा छान झाकल्या जातात. स्लाईडवर कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोल, पुसट दिसल्या तर आधी पॉलिशच्या चाकावर बरेच धातू घासले गेले आहे. फ्रेम, स्लाईड आणि नळीवरचे क्रमांक परवान्याशी आणि एकमेकांशी ताडून पाहा. खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला तर हात आवरता घ्यावा. याउलट, नव्या सरकारी पिस्तुलावरच्या कानशीच्या खुणा किंवा स्लाईडची खडखड याने बिचकण्याचे कारण नाही. घट्ट स्लाईड घामात आणि धुळीत आधी अडकते. फीड रॅम्प, म्हणजे काडतूस चेंबरकडे चढते तो उतार, तेवढा गुळगुळीत असावा.

एवढे पार पडले की रेंजवर. पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस. मग दोन, एका चापात दोन्ही सुटली तर तिथेच थांबा, आणि ही चाचणी दोनावर करण्याचे कारणही हेच, आठ भरलेली असती तर आठही सुटू शकली असती. मग दोन मॅगझीनमधून प्रत्येकी दोनदा पूर्ण आठ, म्हणजे ३२. नंतर आठ गोळ्या एका हाताने, सैल पकडून. एकूण ४३ झाल्या. उरलेल्या सात ज्या मॅगझीनने कुरकुर केली असेल त्यासाठी. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबावे, कारण टोपी उशिरानेही पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी झाडण्याआधी पिस्तूल रिकामे करून नळीतून आरपार दिसते का पाहावे.

रिकाम्या पुंगळ्या गोळा करून एका रांगेत मांडा. हिशेबाला त्या लागतातच, शिवाय पिस्तुलाविषयी विक्रेत्यापेक्षा जास्त खरे त्या बोलतात. टोपीवरचा ठसा मध्यभागी आणि खोल आहे का? सर्वांवर एकाच बाजूला सरकलेला असेल तर पिन किंवा नळीचा मेळ बिघडलेला. उथळ ठसे आणि न सुटलेली काडतुसे दुसऱ्या ठोक्याला सुटत असतील तर स्प्रिंग किंवा नीट न बसलेली टोपी. पुंगळीच्या बुडाजवळ फुगवटा म्हणजे चेंबर सैल. अंगावर उभी चीर एखाद्याच पुंगळीला असेल तर काडतूस जुने, सगळ्यांना असेल तर चेंबर.

लपवून बाळगण्याबाबत आपला कायदा अनेकांना वाटतो त्याच्या उलट आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी छोटे शस्त्र होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असले पाहिजे, शिवाय ते बाळगणाऱ्याच्या ताब्यात राहिले पाहिजे. कमरेला मूठ दिसेल असे खोचून लग्नात मिरवणे हा रुबाब नसून नियमभंग आहे. झाकायच्या दृष्टीने लांबीपेक्षा जाडी आणि मुठीची उंची महत्त्वाची. पीपी १७० मि.मी. आणि पीपीके १५५ मि.मी. लांब, पण शर्टातून उठून दिसते ती पीपीची लांब मूठ. नुसत्या शर्टावर, कोकणातल्या घामात, ७०० ग्रॅमच्या पलीकडचे पिस्तूल लोक दोन महिन्यांत कपाटात ठेवू लागतात. होल्स्टरने चापाचा भाग पूर्ण झाकला पाहिजे आणि रिकामे असताना त्याचे तोंड मिटता कामा नये. मऊ पडलेल्या चामड्याची घडी चापात शिरते आणि पिस्तूल आत सारतानाच गोळी सुटते. होल्स्टरशिवाय खिशात, किल्ल्या-नाण्यांसोबत, कधीच नाही.

हे सगळे करून ज्यांना समाधानकारक पिस्तूल मिळत नाही, त्यांनी रिव्हॉल्व्हरचा विचार करावा. कानपूरचे २०१४ चे ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचे आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’मध्ये सिलिंडर बाजूला उघडतो, त्यामुळे ते रिकामे आहे की नाही हे एका नजरेत कळते. मॅगझीन आणि एक्स्ट्रॅक्टरची अर्धी डोकेदुखी तिथे उद्भवतच नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या मांडायच्या आहेत. परवान्यासाठी जे सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे आहे, त्यात निदान एक्स्ट्रॅक्टरची डमी चाचणी आणि चेंबर बोटाने चाचपण्याची सवय शिकवली जावी. यासाठी एकही काडतूस खर्च होत नाही. आणि सरकारी कारखान्यांनी नव्या पिस्तुलासोबत एक जादा मॅगझीन व एक जादा रिकॉइल स्प्रिंग द्यावी आणि पुढेही हे दोन भाग परवाना दाखवून राज्यातल्या विक्रेत्यांकडे मिळतील अशी व्यवस्था करावी.

– शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)